कारखान्याला हरकत

१४ नोव्हेंबर
मधू सकाळीच येऊन गेला, चहा अर्धा ठेवून. सरपंच झाल्यापासून माझा हा धाकटा भाऊ कुठं बसतच नाही, नुसता टेकतो. "ताई, ई-क्लासच्या जागेवर कारखाना येऊन राह्यला. पोट्ट्याइले गावातच काम." कशाचा? "डिफेन्सचा." म्हणजे कशाचा? "आता ते मले काय माहीत? सायन्सची तू." हसला.
कापसाला बाया मिळाल्या नाहीत आजही. गुडघा दुखतोच आहे.

१७ नोव्हेंबर
ग्रामपंचायतीत कंपनीचं माहितीपत्रक वाटलं. वामनराव ते घेऊन आले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस, वाटेत दिसेल तो कागद वाचतो. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, सामरिक शस्त्रं म्हंजे?"
सांगितलं. अणुबॉम्ब. जुने आहेतच, आता नवीन बनवायचे आहेत. त्यांची कवचं इथं होणार, ई-क्लासवर, आपल्या गुरं चारायच्या जागेवर.
त्यांनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "पह्यल्या चाचनीच्या टायमाले बुद्ध हसला म्हने. आमच्या घरच्या फोटोतला तं नाई हसला."
दोघांनी मिळून अर्ज लिहिला. माझं अक्षर अजून फळ्यावरचंच, मोठं. दोन ओळींत पान भरतं.

२३ नोव्हेंबर
अर्जावर सह्या घ्यायला पाच दिवस फिरलो. लोक बसवतात, पाणी देतात, सही देत नाहीत. एकीनं तोंडावर सांगितलं, "तुमची पेन्शन सुरू हाये मॅडम. आमच्या पोरानं पुण्याले वॉचमनकीच करत राहाव का?" खरंच आहे ते.
तांड्यावरच्या शेवंताबाईनं अंगठा दिला. तिच्या बकऱ्या ई-क्लासवरच चरतात. बॉम्बचंही सांगितलं मी तिला. "कोनावर टाकतेत?" म्हणाली. अजून कुणावर नाही, म्हटलं. "मंग बनवतेत कायले?"
तीस वर्षं नेरच्या शाळेत अणू शिकवला. हा प्रश्न एकाही वर्गात आला नव्हता.

२ डिसेंबर
ग्रामसभा. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. लोक वेचणीला गेलेले. वामनराव खूश, "जितलो मॅडम." तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे मला माहीत होतं. संध्याकाळी सांगितलं. उगाच सांगितलं की काय. आज तरी जरा आनंदात राहिले असते.

९ डिसेंबर
तहकूब सभा झाली. शाळेच्या व्हरांड्यात.
कंपनीकडून जो इंजिनीअर आला तो प्रवीण निघाला. माझा विद्यार्थी, दहावीला पहिल्या बाकावरचा. आता कानाजवळ पांढरं. सगळ्यांसमोर वाकून पाया पडला, आणि मग माइकवर उभा राहिला. आधी पाया पडल्यावर भांडायचं कसं?
"इथे बॉम्ब बनणार नाही," म्हणाला. "फक्त धातूची कवचं."
मी उभी राहिले. "कवचात काय भरतात, प्रवीण?"
"मॅडम, ते दुसरीकडे."
"दुसरीकडे काय भरतात?"
त्यानं माइकची वायर सरळ केली. मधू मधे पडला, "ताई, हा काही तुहा वर्ग नाई." लोक हसले. मीही हसले असते कदाचित, दुसऱ्या कुणाची बहीण असते तर.
हात वर करायला सांगितले. विरोधात आम्ही तिघं. मी, वामनराव, शेवंताबाई. रेखानं, मधूच्या बायकोनं, कुठंच हात केला नाही. पदर सारखा करत उठली आणि घरी गेली.

१० डिसेंबर
प्रवीण घरी आला. मी पोहे केले. त्याच्या आईची चौकशी केली, मुलीचं विचारलं. निघताना चप्पल घालता घालता बोलला,
"नवीन आहे ते मॅडम. जुन्यापेक्षा लहान."
लहान म्हणजे बरं की वाईट?
"मोठा कुणी वापरत नाही. लहान वापरता येईल असं वाटतं लोकांना."
काल माइकवर का नाही सांगितलंस? पोटापाण्याचं कारण देईल असं वाटलं होतं. नाही दिलं. म्हणाला, "तुम्ही पुढचा प्रश्न विचारला असता तर सांगितलं असतं."
तेव्हापासून हेच डोक्यात. मी तिसरा प्रश्न का नाही विचारला? थकले होते. मधूच्या त्या वाक्यानं खाली बसले. एवढंच कारण.

१८ डिसेंबर
सभेच्या इतिवृत्ताची नक्कल आज मिळाली, चार खेटे घातल्यावर. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "ठराव सर्वानुमते मंजूर."
सर्वानुमते.
तशीच मधूकडे गेले. तो जेवत होता. "मी विरोध केला होता, मधू. सगळ्या गावानं पाह्यलं."
"तीन हात होते ताई. तिनासाठी काय लिहायचं?"
"तीन लिहायचं."
"वरून असंच मांगतलं. तुहं नाव विरोधात लिवलं तं लोक म्हनतीन, सरपंचाच्या घरातच एक नाई."
"नाहीच आहे."
रेखा भाकर वाढायला आली, तिनं नुसतं ताटाकडं पाहिलं. मधू म्हणाला, "जेवून जा." नाही जेवले. घरी येऊन वरण गरम करायचाही कंटाळा आला. बिस्किटं खाल्ली.

२० डिसेंबर
नेरला तहसीलमध्ये हरकत दिली. दोन मुद्दे. नवीन अण्वस्त्रांचा कोणताही भाग आमच्या जमिनीवर बनू नये. आणि आम्ही तिघांनी नाही म्हटलं होतं, ते लिहावं. दुसऱ्या मुद्द्यासाठी जास्त शाई गेली याची लाज वाटली. पण हात तिकडंच गेला.
खिडकीतल्या मुलीनं शिक्का मारून पोच दिली. "सुनावणी यवतमाळला होईल." पोच पर्समध्ये, आधार कार्डामागं.

५ जानेवारी
वामनराव आले. दारातच उभे. त्यांच्या मुलाला कंपनीनं बोलावलंय, जागेवर सर्व्हे सुरू होतोय तिथं.
"सही मी वापस नाई घेत मॅडम. पन यवतमाळले येत नाई."
बसा म्हटलं. बसले नाहीत. रागावता आलं नाही मला. मुलगा चाळिशीचा, तीन वर्षं घरी बसून आहे.
शेवंताबाईनं बकऱ्या ओढ्याकडं वळवल्यात. सर्व्हेवाल्यांच्या झेंड्या लागल्या, लाल. चारदा मनात आलं की आपणही सोडावं. तूर काढायची आहे. सोडलं तर कुणी काही म्हणणार नाही, हेच जास्त लागतं.

१९ जानेवारी
नोटीस आली. परवा, अकरा वाजता.
रेखा तिळाच्या वड्या घेऊन आली. मधूबद्दल बोलली नाही. जाताना म्हणाली, "ताई, त्या दिवशी माहा हात उचललाच नाई. ना इकडं ना तिकडं." मग, "स्वेटर घालून जा. सकाळी लय थंडी राह्यते."

२१ जानेवारी
यवतमाळ. कलेक्टर ऑफिसच्या बाकावर बसून लिहिते आहे. अकराचे सव्वाबारा झाले.
सकाळी फाट्यावर बसची वाट पाहत होते. मधूची गाडी थांबली. "बस. मीई तिकडंच चाललो." सरपंच म्हणून त्यालाही नोटीस आहे. बसले. नेर मागं गेलं. हीटर लावला त्यानं, माझ्या गुडघ्यांकडं वळवला.
आता शेजारीच बसलाय. कंपनीच्या माणसानं त्याला टाइप केलेलं निवेदन आणून दिलं, खाली सही करा म्हणून. मधूनं खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला. कागद माझ्याकडं सरकवला.
"वाचून दाखव ताई. काय लिवलं?"
वाचला. दुसऱ्या परिच्छेदात होतं: प्रकल्पाचे स्वरूप सरपंच व ग्रामस्थांना संपूर्णपणे समजावून सांगण्यात आले असून त्यांची कोणतीही शंका नाही.
"थांब," म्हणाला. "हे पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं. हळू, मुलांना वाचून दाखवावं तसं.
कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. मधूनं त्याला हातानंच थांबवलं. पेनाचं टोपण काढलेलं आहे. कागद मांडीवर, सही अजून नाही. समोरच्या भिंतीकडं पाहतोय.
आतून शिपाई आला. आमच्या गावाचं नाव पुकारतोय.