लाल गाडी आणि माझ्या टाचा
मंगळवार, संध्याकाळ. विजयनगर.

फार थकले आज. बेळगोळच्या कारखान्यातून सुटले ती घरी येऊन अप्पांना रिक्षात घालून थेट शोरूमला. अप्पांची नजर अधू झाल्यावर त्यांची मोटरसायकल विकली, तेव्हापासून ते कुठे बाहेरच पडत नाहीत. म्हटलं, माझी पहिली गाडी निवडायला तरी येतील.

ती उंच लाल मोटरसायकल कधीची मनात होती. बसले, तर टाचा वर! नुसत्या चवड्यांवर उभी. जरा कलली आणि तोलच गेला. विक्रेत्याने हँडल धरलं म्हणून वाचले. "स्कूटर तगोळ्ळी मॅडम, स्कूटरच घ्या, तीच बरी तुम्हाला," अर्धं कानडी, अर्धं मराठी म्हणाला. इतकी लाज वाटली! शिकले मोटरसायकल आणि घेऊ स्कूटर? पण हिनकलच्या सिग्नलला टाचा अशाच अधांतरी राहिल्या तर?

अप्पांनी शेजारची बुटकी काळी गाडी हाताने चाचपली. "हिच्यावर बस बघू."

बसले. दोन्ही पावलं टेकली.

"अप्पा, ही म्हाताऱ्यांची गाडी वाटते."

"असू दे गं. त्या उंच गाडीवर मागं मी चढू कसा?"

ते मागे बसतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काळीच ठरवून आले.

लाल अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चुकले का? माहीत नाही. आत्ताच अप्पा दारात येऊन विचारून गेले, "माझं जुनं हेल्मेट कुठं ठेवलंयस?"