शब्दांच्या ढगात ताई

प्रिय ताई,

पाकीट फाडून फेकायच्या आधी थांब. यात खाजेची पावडर नाही, रबराची पाल नाही. हवं तर उजेडाला धरून बघ. पत्ता तुझ्या जुन्या रूममेटकडून काढला. आठ दिवस तिचं डोकं खाल्लं तेव्हा दिला, वर म्हणाली, परत चाळे केलेस तर तंगडं मोडीन. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे कावळ्याच्या पायांचं अक्षर सहन कर.

मी बरा आहे. वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात चिकटलोय. दहावीला दोनदा गचकलेला मी आता कॉम्प्युटरला अक्कल शिकवतो, हस हवं तर. खोली एक, खुर्ची एक. दुसरी कुणासाठी आणू? सुरुवातीला ऑफिसात लोकांच्या माउसखाली चिकटपट्टी लावून बघितली. कुणी साधं चिडलंसुद्धा नाही. गप काढतात, कामाला लागतात. खोडी काढायलाही आपलं माणूस लागतं गं, हे मला इथे येऊन कळलं.

तर साहेबांनी काम दिलं, शब्दांचा ढग बनव. म्हणजे पोतंभर मजकूर आत ओतायचा. जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा दिसतो, कमी येतो तो बारीक. खाली एक पट्टी, ती सरकवली की महिने पुढे जातात आणि शब्द डोळ्यांदेखत फुगतात, सुकतात, गायब होतात. कुठल्याही वेबसाइटला जोडता येईल असा तुकडा, त्याला प्लगिन म्हणतात. चालतंय का बघायला मजकूर हवा होता, म्हणून आपल्या घरच्या ग्रुपमधलं चार वर्षांचं बोलणं त्यात ओतलं. वाचलं नाही, नुसतं ओतलं. आधी त्या येड्या प्रोग्रामने ‘ताई’, ‘ताईला’, ‘ताईचा’ असे सगळे वेगळे शब्द धरले. स्क्रीनभर तुझे तुकडे उडत होते. ते एकत्र बांधायला दोन दिवस गेले. मग पट्टी सरकवली आणि काय मजा आली! ‘माकडा’ केवढा मोठा, ‘चार्जर’ त्याच्या खालोखाल, ‘नालायक’ तर दर महिन्याला हजर. एकटाच हसत होतो. चहावाला दोनदा बघून गेला.

मग पट्टी त्या महिन्यावर आली.

तुझ्या फोनवरून तुझ्या साहेबांना ‘उद्यापासून येत नाही, दुसरी शोधा’ असं लिहिलं तेव्हा मला वाटलं, ते हसतील. त्यांनी दुसरी शोधली. बाबा म्हणाले, पोर आहे, जाऊ दे. आणि तू आम्हा दोघांवर फुली मारून ग्रुपमधून निघून गेलीस. त्यानंतर मीही ग्रुप उघडला नाही. तोंडच नव्हतं.

म्हणजे पुढे ढग रिकामा दिसायला हवा, बरोबर? पण पुढच्या महिन्यात ‘ताई’ स्क्रीनभर. त्याच्या पुढच्याही. तू गेलेली, आणि तुझं नाव फुगतच चाललेलं. मला वाटलं, माझं गणित गंडलं. तीन दिवस सगळा प्रोग्राम उसवला, परत शिवला. शेवटी शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, अरे बाबा, चूक काही नाही. तेव्हापासून एकच माणूस बोलतोय, आणि तो हेच बोलतोय.

तेव्हा बसून वाचलं. बाबा. कारखान्यात कान गेल्यापासून त्यांना लिहिण्याशिवाय दुसरा रस्ता नाही, तुला माहितीये. रोज सकाळी एक. ताई, उठलीस का. ताई, नळाचा वॉशर मी स्वतः बदलला. ताई, माकडही गप आहे, तू तरी बोल. चौदा महिने! तू ग्रुपमध्ये नाहीस हे त्यांना कळलंच नाहीये, आणि तेही माझ्यामुळे. तू गेलीस त्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, ही बोलत का नाही? मी कागदावर लिहून दाखवलं, सगळं वाचते, कामात असते. बाकीच्या थापा मारताना निदान मजा तरी यायची.

आता पत्र कशाला, ते सांगतो. पट्टी शेवटच्या महिन्यावर नेली तर ‘ताई’च्या शेजारी तीन नवे शब्द फुगलेत: तिकीट, रविवार, स्टेशन. बाबा तुझ्याकडे निघालेत. येत्या एकवीस तारखेला, सकाळी सव्वासातला गाडी पोचते, डबा नववा. तुला कळवलंय असंच त्यांना वाटतंय. गाव तेवढं त्यांना माहीत आहे, तुझा नवा पत्ता त्यांच्याकडे नाही, आणि गर्दीत मागून कुणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही. काल त्यांना खरं लिहायला घेतलं, तेवढ्यात त्यांचाच मेसेज आला: ताई, तुझ्यासाठी स्वेटर घेतलाय, निळा चालेल ना? माझा अंगठा तिथेच थांबला. म्हणून मी आदल्या दिवशीच तुझ्या गावाला येतोय. फलाटावर खांबाआड उभा असेन. तू आलीस तर माझ्याकडे बघायचीही गरज नाही, मी मागच्या मागे निघून जाईन, त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. नाही आलीस तर पुढे होऊन सगळं लिहून दाखवेन. वही आणि पेन घेऊन येतोय. ती वही कोरीच परत न्यायला मिळाली, तर ताई, मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.

तुझाच, तू म्हणायचीस तसा,
नालायक