बातमीवर नाव माझं

३ डिसेंबर
सकाळी भोरचं ऑफिस उघडलं. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, एक टेबल, भिंतीवर आमच्या पेपरचं कॅलेंडर. भाटघरच्या पाण्याची बातमी पाठवली. बिबट्याची पाठवली (बिबट्या कुणी पाहिला नाही, वासरू मेलंय एवढं खरं). दुपारी पत्रकारांच्या ग्रुपवर मेसेज: विंझरची एक मुलगी आणि पालीची एक, परवापासून घरी नाहीत. खाली लगेच कुणीतरी, "जोडीनं गेल्या काय?" आणि हसरे चेहरे. रांगेनं.

पुण्याहून देसाई सरांचा फोन. जिल्ह्याचं पान तेच बघतात. "रेखा, तुझ्या एरियातलं आहे. जाऊन ये."

शु. शाळेत शिकवून आली तेव्हा तिला सांगितलं. वाटाणे सोलत होती. "तू नको जाऊस," म्हणाली. मग आणखी चार शेंगा सोलून, "नाहीतर जाच. दुसरा कुणी गेला तर वाईट लिहील."

४ डिसेंबर
स्कूटीवरून विंझर. तालुक्याचं नाव राजगड झालंय. बोर्डावर नवं नाव, तोंडात वेल्हंच. खाचरं कापून मोकळी.

मनीषाची आई भाताच्या उडवीपाशी बसलेली. शेजारच्या बायका उठून गेल्या, मला बघून की तिला बघून, कळलं नाही. "लई गुनाची हाय ओ पोरगी. मोबाईलच्या दुकानात कामाला जाती. ती पालीची पूजा हाय ना, तिच्या संगं कालेजपासनं. आमी म्हनायचो, पोराच्या संगं न्हाई फिरत, तेवढंच बरं."

मी मान डोलावली. माझी आईसुद्धा शु.बद्दल शेजारी हेच सांगते. हेच शब्द.

पेपरला काही पाठवलं नाही. चौकशी सुरू आहे, एवढंच सरांना कळवलं.

६ डिसेंबर
सकाळी आईला घेऊन विहारात. वंदना चालू असताना फोन थरथरत होता. बाहेर येऊन बघितलं तर: सापडल्या. पुण्यात खोली घेऊन राहत होत्या. पांढऱ्या साडीतच पोलिस ठाण्यावर गेले.

बाकावर दोघी. वीस-एकवीसच्या. हात हातात. माणसं येऊन बघून जात होती तरी हात सोडला नाही. मला हेवा वाटला. आधी हेवा, मग भीती.

मनीषा बोलकी आहे. "ताई, आमी पळून न्हाई गेलो. ऱ्हायला गेलो." हे तिनं दोनदा सांगितलं, मी नीट लिहून घेतेय का ते बघत.

पूजा खाली बघून. "फोटो नका काढू."
म्हटलं, नाही काढणार.

सज्ञान आहेत. जबाब झाला, आपखुशीनं गेलो म्हणाल्या. साहेब मला म्हणाले, "कायद्यानं कुठंही जाऊ शकतात हो त्या. पण आईबापाचं पण बघायला पायजे का नको?" दोघींचे फोन टेबलावर, साहेबांच्या टोपीशेजारी. मग गाड्या आल्या. मनीषाचे मामा महाडकडचे, ते पुढं होते. हात सोडवले तेव्हा आवाज झाला नाही कसलाच.

७ डिसेंबर
बातमी लिहिली. नावं नाहीत, गावं नाहीत. दोन सज्ञान तरुणी, स्वेच्छेनं गेल्या, जबाब नोंदवला, कुटुंबांच्या ताब्यात कशाच्या आधारे दिलं याचं उत्तर मिळालं नाही.

सर: "यात बातमी कुठाय?"
मी: "नाही ना. मग सोडून द्या."
सर: "ग्रुपवर फोटो फिरतोय. गळ्यात हार घातलेला. तू तिथं जाऊन तुला मिळाला नाही?"

तो फोटो मुलींच्या फोनमधून कुणीतरी काढलाय. कुणी ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच बोलणार नाही.

८ डिसेंबर
छापून आलं.

'मैत्रिणीशीच थाटला संसार! दोन कुटुंबांची नाचक्की.' गावांची नावं. हारातला फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी. ती पट्टी असूनही आईही ओळखेल आणि गावही ओळखेल. आत 'विकृत प्रकार' असा शब्द. माझी दोनच वाक्यं उरलीत. वर माझं नाव. ठळक.

शु.च्या शाळेत स्टाफरूममध्ये एका मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. "तुमच्या मैत्रिणीची बातमी हो," म्हणून तिलाच ऐकवलं. सगळे हसले. ती पण हसली म्हणाली. "हसावं लागलं," म्हणाली.

मी सांगत राहिले, मी असं लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मला माहितीय. पण मला माहीत असून काय करायचं?"

९ डिसेंबर
सरांना फोन केला. "विकृत कुणी घातलं?"
"डेस्कनं."
"खुलासा छापा."
"कुणाची तक्रार आहे? त्या मुलींनी लेखी दिलंय का?"
"त्यांचे फोन काढून घेतलेत, सर."
"रेखा, तुला एवढं का लागलं?"
"बाईमाणूस आहे म्हणून."

चटकन आलं तोंडात. इतकी वर्षं सराव आहे.

१२ डिसेंबर
पालीला गेले. कशाला, ते धड माहीत नव्हतं.

पूजाच्या घरी गडावर जाणाऱ्यांची जेवणं होतात. ओसरीवर पुण्याची पोरंपोरी पिठलं-भाकरी खात होती, बूट काढून, मोठ्यानं गप्पा. वडील बाहेर आले. शिव्या देतील म्हणून तयारी करून गेले होते. "बसा मॅडम. आता काय ऱ्हायलंय छापायचं?" म्हणाले, आणि आत चहा सांगितला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चहा पूजाच घेऊन आली. हाताला पीठ.
"तुमी फोटो न्हाई काढनार म्हनाला हुता."
"मी नाही काढला गं. मी असं लिहिलंच नव्हतं."
"मंग नाव तुमचं कसं?"

आत गेली. भाकरी थापायचा आवाज सुरू झाला.

काय सांगणार होते? की बातमी एकीची असते, मथळा दुसऱ्याचा, आणि नाव...

१७ डिसेंबर
पुणे ऑफिस. सगळ्या तालुका वार्ताहरांना बोलावलेलं. विषय: संवेदनशील वार्तांकन. मोठ्या पडद्यावर सप्तरंगी पट्टी. कुठले शब्द वापरावेत, कुठले टाळावेत. 'विकृत' हा टाळायच्या यादीत होता. देसाई सर पहिल्या रांगेत, टिपणं काढत होते. मनापासून काढत होते, तेच वाईट.

जेवताना अनिकेत शेजारी येऊन बसला. डेस्कवरचा जुना माणूस, माझ्याच वयाचा. गेल्या वर्षी त्यानं ऑफिसात आपण गे असल्याचं उघड सांगितलं. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, केकही कापला. आधी राजकारणाचं पान बघायचा. आता राशिभविष्य आणि पाककृती. आणि जूनमध्ये तो सप्तरंगी मोर्चा निघाला की त्याचा लेख.

"तुझी ती बातमी लागताना मी होतो," म्हणाला. "मथळा बदला म्हटलं. तर म्हणे, तू यात पडू नको, तुझा इंटरेस्ट आहे यात."

"त्यांचा नाही का?" मी म्हटलं.

हसला. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. विचारलं काही नाही. ताटातलं श्रीखंड माझ्याकडे सरकवलं. मला रडू येत होतं, आणि मी श्रीखंड खाल्लं.

२१ डिसेंबर
घरमालकीण काकूंनी जिन्यात गाठलं. "तुमी दोघी किती वरसं झाली गं हितं?" नेहमीचाच गोड आवाज. आधी कधी विचारलं नव्हतं. पेपर काकू रोज वाचतात, माझा म्हणून वाचतात.

संध्याकाळी शु.नं तिची कॉट बाहेरच्या खोलीत ओढली. मी मदत केली. एका बाजूनं तिनं धरली, दुसऱ्या बाजूनं मी. कुणी आलं तर दिसायला बरं, म्हणाली. बदलीचा अर्जही करणार आहे. दौंडकडे, नाहीतर इंदापूर.
"आणि मी?"
"तू पण काही बोलत नाहीस ना तिकडं. मग मी काय करू?"

२९ डिसेंबर
मनीषाचा फोन. कुणाच्या तरी फोनवरून, दबक्या आवाजात. मामाकडे आहे. लग्न ठरवलंय.
"ताई, तुमी ल्ह्या ना पेपरात. मला न्हाई करायचं म्हनून ल्ह्या. माझं नाव घालून ल्ह्या. आता काय लपवायचं?"
पोलिसांत जा म्हटलं.
"पोलिसांनीच मामाच्या हातात दिलं की."

पुण्यातल्या एका संस्थेचा नंबर दिला. तो लिहून घ्यायला तिच्याजवळ काही नव्हतं, पाठ करत होती. मध्येच कुणी आलं, फोन बंद. नंतर लागला नाही. संस्थेत मीच फोन केला. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मुलीशी थेट बोलणं झाल्याशिवाय आम्हाला जाता येत नाही.

बातमी लिहिली. अर्धं पान. इतकी चांगली बातमी मी खूप दिवसांत लिहिली नव्हती.
सर: "झालं ना ते प्रकरण. लग्न हा घरगुती मामला आहे. उगाच कोर्टकज्जे नकोत."
"पहिली छापली तेव्हा घरगुती नव्हता?"
"तेव्हा बातमी होती."

६ जानेवारी
मनीषाचं लग्न झालं. ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'अखेर मार्गी लागली'. अंगठे. मीही त्या ग्रुपमध्ये आहे. बाहेर पडले असते तर का म्हणून विचारलं असतं.

शु. जेवली नाही.

१४ जानेवारी
नसरापूरच्या स्टँडवर पूजा. डोक्यावरून ओढणी, संक्रांतीचं सामान न्यायला आलेली. भाऊ समोरच्या दुकानात. मीच जवळ गेले. मनीषाचं तिला सांगायचं होतं. तिला कळलं होतं.

रडली बिडली नाही. म्हणाली, "ताई, एक इचारू? त्या शाळेतल्या बाई तुमच्या घरात ऱ्हातात ना? माझी भाची हाय त्यांच्या वर्गात. तुमी दोघी स्कूटीवर जाताना म्या लई येळा बघितलंय." मग अगदी हळू, "तुमी कसं काय ऱ्हाता?"

भाऊ वळून बघत होता.

म्हटलं, "आम्ही मैत्रिणी आहोत गं. भाडं परवडत नाही म्हणून एकत्र राहतो."

तिनं मान हलवली. चांगलं समजावून सांगितलेलं कळावं तशी.
"आमी बी तसंच म्हनायला पायजे हुतं," म्हणाली.

एसटी आली. गेली.

१५ जानेवारी
ऑफिसला गेले नाही. अंग दुखतंय असं कळवलं.

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. शिकून गेली माझ्याकडून. माझ्यासारखी एक दिसली होती तिला, सगळ्या तालुक्यात एक, आणि मी तिला खोटं कसं बोलायचं ते...

शु.ला हे सांगितलेलं नाही.

१९ जानेवारी
दुपारी सरांचा फोन. आवाज खुशीत. रविवारच्या पुरवणीसाठी विषय: 'मुलींची मैत्री : पालकांनी काय ओळखावं?' मुख्य लेख मी लिहायचा, गावातून, आयांशी बोलून. डॉक्टरांची चौकट डेस्क लावणार.

"मी नाही लिहिणार, सर."
"का?"

कारणं होती. ग्रामपंचायतीची बातमी आहे, आई आजारी आहे, ताप आहे. सगळी तोंडाशी आली होती.
"मी तशीच आहे म्हणून."

पलीकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज. मग अगदी मायेनं बोलले. खरंच मायेनं. "मला सांगितलंस ते बरं केलंस. आता आणखी कुणाला सांगू नको. या विषयावर यापुढं तू नको लिहूस, लोक बोट ठेवतील. भोरचं काय करायचं तेही बघू."
"भोरचं काय बघायचं?"
ते सोडून त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या तुझ्या शिक्षिका मैत्रीण, त्यासुद्धा?"

नाही म्हणायचं होतं. पूजाला स्टँडवर सहज म्हटलं होतं. इथं जीभ उचलली नाही. "अच्छा," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

वाटलं, सुटले. मग ते अच्छा पुन्हा ऐकू आलं.

माझं सांगताना मी तिचंही सांगितलं. तिला विचारलं नाही. त्या काळ्या पट्टीवाल्यांनी तरी कुणाला विचारलं होतं? सरांच्या मेव्हणीचे यजमान जिल्हा परिषदेत, शु.च्या शाळेच्याच खात्यात आहेत, हे सर जेवताना नेहमी सांगतात. सर वाईट नाहीत. सांगतीलही सहज, गप्पांत.

लवकर घरी आले. शु.ची शाळा सुटली असेल. आल्या आल्या सांगायचं की चहा झाल्यावर? ती ओरडली तर बरं. ओरडणार नाही. कॉटवर बसेल, बाहेरच्या खोलीतल्या.

आत्ता तिचा फोन आला होता. स्टँडवर उतरलीय. "मेथी फार छान आलीय गं, घेऊ का?" किती दिवसांनी असा आवाज.

घे म्हटलं.