हौदात उतरणाऱ्या बाईला कुलूप मिळणेबाबत

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी साहेब,
साबण कारखाना,
मुख्य कचेरी, वरचा मजला.

विषय : मिक्सरच्या हौदात सफाईसाठी उतरताना मेन स्विचला लावण्याकरिता सफाई कामगारास स्वतंत्र कुलूप व किल्ली मिळणेबाबत.

संदर्भ : "खाजगी कुलूप लावून उत्पादन अडवल्याबद्दल" अर्जदारास मिळालेली नोटीस.

माननीय साहेब,

अर्जदार ही आपल्या कारखान्यात ठेकेदारामार्फत सफाईचे काम करते. काम असे, की साबणाचा घाणा निघाला की मिक्सर बंद करतात, मग अर्जदार वरच्या झाकणातून शिडीने हौदात उतरते आणि पात्यांना चिकटलेला साबण खरवडून काढते. मेन स्विच भिंतीच्या पलीकडे आहे. स्विचपाशी उभ्या माणसाला हौदाचे तोंड दिसत नाही, आणि हौदातल्या बाईला डोक्यावरच्या दिव्याखेरीज काहीच दिसत नाही. साहेबांना हे ठाऊक असणारच. पण साहेबांवर आत उतरायची वेळ आली नसेल म्हणून लिहिले. राग नसावा.

१. पूर्वी हे काम अर्जदार आणि तिची थोरली जाऊ, अशा दोघी मिळून करत. एकदा जाऊबाई आत असताना पाळी बदलली. नव्या पाळीच्या ऑपरेटरला स्विच बंद दिसला, त्याने चालू केला. जाऊबाईंचा उजवा हात कोपरापासून गेला. ऑपरेटरला दोष द्यावा म्हणून हे लिहिलेले नाही. आत माणूस आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि तशी खूणही तिथे नव्हती. तो अजूनही सुट्टीच्या दिवशी घरी येतो. आत या म्हटले तरी येत नाही, दारातच खाली मान घालून उभा राहतो, आणि शेवटी जाऊबाईच त्याची समजूत घालून त्याला परत पाठवतात.

२. त्यानंतर साहेबांनी केलेला नियम सोन्यासारखा आहे, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. यंत्रात शिरणाऱ्याने स्विच बंद करून त्याला स्वतःचे लाल कुलूप लावावे, किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवावी, आणि ज्याचे कुलूप त्यानेच ते काढावे. कुलपावर त्या माणसाचा फोटो. परंतु ही कुलपे फक्त दुरुस्ती खात्याला मिळाली. अर्जदार स्टोअरमध्ये गेली तेव्हा स्टोअरकीपर म्हणाले, "बाई, ज्याच्या हातात पाना त्याला कुलूप. सफाई म्हणजे दुरुस्ती नव्हे." ठेकेदार म्हणाला, "यंत्र कारखान्याचं, कुलूप मी का देऊ?" कचेरीत गेली तर, "तुम्ही ठेकेदाराच्या, त्यालाच विचारा." यंत्राने मात्र आजवर कोणाला तू कोणाचा माणूस, असे विचारलेले नाही.

३. अर्जदाराची ही वणवण पाहून दुरुस्ती खात्यातल्या फिटरदादांनी आपले कुलूप तिच्यासाठी लावून द्यायला सुरुवात केली. नियमाप्रमाणे किल्ली त्यांच्याच खिशात असे. एके दिवशी ते कॅन्टीनमध्ये चहा घेत असताना सुपरवायझर साहेबांनी त्यांना गाठले आणि, "तुझं कुलूप तिकडे यंत्र अडवून बसलंय आणि तू इथं बशी फुंकत बसलायस?" असे सर्वांदेखत सुनावले. बाई एव्हाना वर आली असेल, अशा समजुतीने फिटरदादांनी जाऊन कुलूप काढले आणि मिक्सर चालू झाला. अर्जदाराचा एक पाय शिडीवर होता, दुसरा पात्यावर. पाते सरकले तशी तिने शिडीला मिठी मारली आणि ओरडली. चप्पल आत गेली, पाय वाचला. फिटरदादा चांगला माणूस आहे. पण जीव एकीचा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असे असले की हे कधी ना कधी व्हायचेच.

४. म्हणून अर्जदाराने आपल्या घराच्या दाराचे कुलूप आणून स्विचला लावायला सुरुवात केली. घरात कुलूप एकच. ते कारखान्यात, म्हणून सासूबाई दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात. "कुलूप काय कोणीही फोडील, मला फोडून दाखवा म्हणावं," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. परंतु त्यांची कंबर धरते, देवळात की दवाखान्यात, कुठेही जाता येत नाही.

५. गेल्या आठवड्यात सुपरवायझर साहेबांना स्विचला हे पितळी कुलूप दिसले. कोणाचे, अशी त्यांनी चौकशी केली. अर्जदार आत खरवडत होती, तिला काही ऐकू आले नाही. ज्यांना माहीत होते ते जेवायला गेले होते. सुपरवायझर साहेबांनी कुलूप कापून घेतले आणि ऑपरेटरला बटण दाबायला सांगितले. ऑपरेटर तोच, जाऊबाईंच्या वेळचा. तो बटण न दाबताच धावत हौदाकडे आला आणि आत डोकावला. अर्जदार वर पाहते तो त्याचा पांढराफटक चेहरा. त्याने हात पुढे केला. आज हा अर्ज करायला अर्जदार शिल्लक आहे ती त्याच्यामुळे. त्याला हुकूम मोडल्याबद्दल पॅकिंगला पाठवले, आणि अर्जदाराला वर नमूद केलेली नोटीस दिली. कारखाना कुलूप देईना आणि स्वतःचे लावू देईना. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, त्यातली ही गत.

६. अर्जदाराने आपण बिनकुलपाचे उतरणार नाही असे ठेकेदाराला सांगून पाहिले. तो शांतपणे म्हणाला, "नको उतरूस. तुझ्या जागेसाठी मला विचारून गेलेत." कोण, ते घरी गेल्यावर कळले. जाऊबाई म्हणाल्या, "तू नाही म्हणालीस तर मी जाते. खरवडायला एक हात पुरतो. आतलं सगळं मला पाठ आहे." सासूबाई उठून आत गेल्या. अर्जदाराने दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला कळवले, की आपणच उतरू.

तरी साहेबांनी अर्जदारास एक कुलूप मंजूर करावे. फोटो नसला तरी चालेल, जुने असले तरी चालेल. मंजुरीला वेळ लागणार असेल तर तोवर एवढा तरी हुकूम काढावा, की नव्या ऑपरेटरने बटणाला हात लावण्याआधी झाकणाशी येऊन हाक मारावी. एका हाकेत ऐकू येतेच असे नाही, दोनदा मारावी. आत मी असते, साहेब. मी ओ देईन.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारी,

(सही)
सफाई कामगार, मिक्सर विभाग

दिनांक : सोमवार, पहिल्या पाळीआधी

सोबत : नोटिशीची प्रत