टिकलीभोवतीचं वर्तुळ

३ डिसेंबर
आले एकदाची नाशकात! इंदिरानगरच्या लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी, आणि मखमलाबादला लंकाबाईंच्या मळ्यात खोली. खिडकीबाहेर झेंडू, पलीकडे टोमॅटो. घरात त्या आणि सात वर्षांची नात, सृष्टी. माझा डावा कान लहानपणापासून बहिरा आहे म्हटल्यावर बाई उठून माझ्या उजवीकडे येऊन बसल्या. अशी माणसं नशिबानेच भेटतात.

९ डिसेंबर
थंडीत गाडी चालवून उजवा कान ठणकू लागला. लंकाबाईंनी डोकं मांडीवर घेऊन लसणीचं तेल सोडलं. सृष्टीचा कान सारखा वाहतो, तिलाही हेच. बाटली एक, ड्रॉपर एक. मी लॅबवाली, तरी पाघळले. आईची आठवण आली. आता रोज घालणार आहेत.

१६ डिसेंबर
कान वाहतोय. सृष्टीचा आणि माझा पू तपासायला लावला. ताटलीत जंतू वाढवून त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं.

१९ डिसेंबर
दोन्ही ताटल्यांत बारा-बारा टिकल्या. वर्तुळ एकही नाही. जंतू टिकल्यांना खेटून वाढलेत.

२० डिसेंबर
लंकाबाईंना खोदून विचारलं. तेलात त्या टोमॅटोच्या करप्यावर फवारायची अँटिबायोटिक पावडर घालतात, चिमूटभर. म्हणाल्या, "टमाट्याचा करपा जातो, मंग कानातला पू नाय का जायचा? तीन वर्सं घालते, पोरी." डॉक्टरांच्या गोळ्या मात्र कान कोरडा झाला की बंद.
तीन वर्षं थोड्या थोड्या औषधावर पोसून त्याला निर्ढावलेले जंतू, आणि तोच ड्रॉपर माझ्या कानात. बाईंचा राग येत नाही, माझाच येतो. बाटली मोरीत ओतली, पुन्हा घालू नका म्हटलं; बाईंना पटलेलं दिसत नाही.

२२ डिसेंबर
कानामागे सूज. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलंय, पुढे मेंदू. हॉस्पिटलात खाट उद्या मिळेल. एकच औषध तपासायचं राहिलंय — तेरावी टिकली. हा कान गेला तर — भीती वाटते.

२३ डिसेंबर
अजून घरीच, खाट संध्याकाळी मिळणार. चहा ओठांच्या कोपऱ्यातून गळला. उजवा डोळा मिटत नाही. लॅबमधून फोटो आला. तेराव्या टिकलीलाही वर्तुळ नाही.

लंकाबाई उजवीकडे बसून बोलतायत. नुसते ओठ हलतात.

नवी बाटली. काळजीने दोन चिमटी घातल्या असतील, बोटं पांढरी आहेत. नको म्हणतेय — तोंड वाकडं, कुणाला कळत नाही. लिहून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. हसल्या —

सृष्टीला येतं. पण ती आजीच्या मांडीवर डोकं टेकून, कान वर करून, डोळे मिटून —

वही तिच्यासमोर धरतेय. सृष्टी, वाच. उठ. आजीचा हात धर, ते तेल —