कोंडवाड्याची पाटी

सर, आज सकाळपासून तुमच्याच वाक्यांचं पुस्तक तपासत बसलोय. पुस्तक कसलं, पातळशी पुस्तिका. तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासला दर शनिवारी आम्ही दुकानांवरची, भिंतींवरची चुकीची वाक्यं टिपून आणायचो. ती सगळी तिने जमवली आहेत. तिने म्हणजे बीबी गावच्या त्या मुलीने. तुम्ही आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायचात, म्हणून माझ्यासाठी ती अजून बीबीच आहे. ती आता मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मी मेहकरला दोन खोल्यांत तुमचाच क्लास चालवतो. वाक्य दुरुस्त करा, शब्द वाढवू नका, गाळू नका, ज्याचं विशेषण त्याच्या शेजारी नेऊन ठेवा. पोरं मान हलवतात. मला मात्र पहिल्या बाकावरून वर झालेला तिचा हात दिसतो आणि आजही मी जळतो.

तुमची रीतच तशी होती. चिठ्ठीवर वाक्य आणि आपलं नाव लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. पाटी कुठे पाहिली ते मात्र लिहायचं नाही, तुम्हालाच तोंडी सांगायचं. ज्याचं वाक्य तुम्हाला आवडेल त्याला रविवारी स्कूटरवर मागे बसवून तुम्ही त्या गावी न्यायचात. सोबत रंगाचा डबा आणि ब्रश. मालकाशी गोड बोलून पाटी दुरुस्त करायची, येताना कचोरी खायची. बीबी पाच वेळा गेली. मी माझ्या वाक्यासाठी एकदाही नाही. सोमवारी ती हाताच्या नखातला निळा रंग खरवडत बसायची, आणि तो रंग मला दाखवायलाच ठेवलाय असं मला वाटायचं.

त्या शनिवारी मी लवकर आलो होतो. डब्यात वरच तिची चिठ्ठी होती. ‘मोकाट मालकांची गुरे कोंडवाड्यात टाकली जातील.’ वाचून हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी रडू. इतकं सुरेख वाक्य मला काय म्हणून सापडू नये? मी ते माझ्या अक्षरात उतरवलं, खाली माझं नाव घातलं आणि तिची चिठ्ठी खिशात कोंबली. तुम्ही वाक्य वाचलंत तेव्हा अख्खा वर्ग हसत होता. तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, मग हात वर केला आणि शांतपणे म्हणाली, “मालकांची मोकाट गुरे, सर.” बस, एवढंच.

“कुठी पाह्यली बे पाटी?” तुम्ही विचारलंत, आणि माझं धाबं दणाणलं. वाक्य चोरलं होतं, जागा तिच्याजवळच राहिली होती. तोंडाला आलं ते बोललो, “जानेफळच्या इकडं, सर.” रविवारी आपण निघालो. हिवरा आश्रमापासून जानेफळपर्यंत दिसेल त्या गावात शिरलो, दिसेल त्या माणसाला कोंडवाडा विचारला. ऊन डोक्यावर आलं. मी मागे बसून तुमच्या सदऱ्याचा घामाने भिजत जाणारा पाठीचा भाग पाहतोय आणि पुढच्या गावाचं खोटं नाव आठवतोय. शेवटी एका हॉटेलासमोर तुम्ही स्कूटर लावलीत. “जाऊ दे बे, मिटवली असन त्याईनं. कचोरी खा.” रंगाचा डबा न उघडताच आपण परतलो.

आता पुस्तिकेत त्या वाक्याखाली माझंच नाव आहे. प्रत्येक वाक्यासोबत गाव दिलंय, या एकापुढे फक्त रेघ. काल तिचा फोन आला होता. “अरे, उद्या छापाले द्याचं हाय. त्या पाटीचं गाव तेवढं सांग ना मले.” आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडून तरी मोकळा झालो असतो. तिने सगळं माहीत असून माझं नाव तसंच ठेवलं, हा मोठेपणाही तिलाच जमावा? मी म्हणालो, “पाहून सांगतो.”

मघाशी मी माझं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं, तुमच्या सवयीप्रमाणे लाल शाईने. पानं संध्याकाळी जातील. तुम्हीच राहिला नाहीत, हे पत्र कुठे जाणार? ते पाकिटातही घालत नाही. फोन करायचा आहे, माफी मागायची आहे, गावही विचारायचं आहे. पण सर, तुमच्याशी आता काय खोटं बोलू? माझ्या ओठावर आधी येतोय तो प्रश्न वेगळाच आहे. नंतर एखाद्या रविवारी, मला न सांगता, तुम्ही तिला घेऊन त्या कोंडवाड्यापाशी गेला होतात का?