‘सोडा’ म्हणेपर्यंत

लाइपझिग, ३ मार्च १८४७
दोरीवर वाळणाऱ्या छापील कागदांआडून ओटिलीनं डोकं बाहेर काढलं आणि त्या क्षणी माझं कायद्याचं शिक्षण संपलं. प्राध्यापकावर दौत भिरकावून वर्ग सोडला होताच. पण परत जायचं नाही हे ठरलं ते तिच्या नाकावरचा शाईचा ठिपका बघून. तडक छापखान्यात शिरलो आणि तिच्या वडिलांकडे, जाइडलर मालकांकडे, काम मागितलं. ते पोट हलवत हसले. म्हणाले, वकीलसाहेब, इतकी वर्षं सुलटं वाचून डोक्यात काही शिरलं नाही, आता छपाईचे खिळे उलटे वाचून बघा! ओटिलीच्या समोरचीच खोली मिळाली. खुंटीवर कुणाचा तरी ओला एप्रन होता. शेगडीशी वाळत घातला.

१९ मार्च
यंत्रावरचा दांडगा रुप्रेख्ट येताजाता टोचतो. वकीलसाहेब, खिळे चावू नका म्हणे, दात पडतील. आज त्याच्या नाकावर ठोसा लगावला. त्यानं मला उचलून कागदाच्या गठ्ठ्यांवर आपटलं. ओटिली आधी हसली, मग माझ्या ओठाचं रक्त पुसलं.
मालक म्हणतात, माझी पोरगी हवी तर आधी पिंपात बूड. छापखान्यांची रीतच ती. उमेदवारी संपली की पोराला ओल्या स्पंजावर बसवायचं आणि अंगणातल्या पिंपात बुडवून शिशाची घाण धुवायची. मालक ‘धरा’ म्हणाले की धरायचं. ‘सोडा’ म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. पुस्तकांच्या जत्रेआधी माणसं कमी आहेत, म्हणून माझी उमेदवारी माफ. मी तर आजच बुडायला तयार!
एप्रन अजून वाळत नाही.

२ एप्रिल
एप्रन आन्सेल्मचा, माझ्याआधीच्या उमेदवाराचा. तो कुठं गेला विचारलं, तर रुप्रेख्ट म्हणाला प्रागला, आणि त्याच दमात मालक म्हणाले व्हिएन्नाला. ओटिली भरल्या ताटावरून उठून गेली. जिन्यात गाठलं तेव्हा रडत सगळं बोलून गेली.
आन्सेल्मचाही तिच्यावर जीव होता. गेल्या वर्षी त्याला पिंपात घातलं. रुप्रेख्टनं खांदे दाबले. हिनं थट्टेनं त्याच्या तोंडावर स्पंज धरला. मालकांना बिअर पिता पिता हसू आलं, ठसका लागला, ‘सोडा’ म्हणताच येईना. आणि मालक म्हणाले नाहीत म्हणून कुणी हात काढला नाही. पिंपाखालीच पुरला त्याला.
पळून जा, असं ती मला विनवते आहे. मी का पळू? बुडलो नाही तर ती मला मिळणार कशी?

११ एप्रिल
बुडवलं मला. रुप्रेख्टचे पंजे खांद्यांवर, वर हसण्याचा गलबला. पाण्यात डोळे उघडले, तर माझ्याखाली एक चेहरा. फुगलेला, उघड्या डोळ्यांचा. त्यानं मला नाही धरलं. माझ्या अंगावरून हात वर नेऊन रुप्रेख्टची मनगटं धरली.
मी बाहेर फेकला गेलो. रुप्रेख्ट डोक्यावर आत. मालक ‘सोडा, सोडा’ किंचाळत होते. आम्ही सगळे त्याचे पाय ओढत होतो. निघाला तेव्हा दोन्ही हात खांद्यातून उपटलेले होते. पिंपाचं पाणी लाल —

१२ एप्रिल
मालक गेले. छपाईयंत्राच्या दाबफळीखाली डोकं. दांडा इतका ओढलेला की कवटीचा — खालच्या कागदावर त्यांचा चेहरा उमटला होता. उलटा. भोवती ओली पावलं.
बुडवण्याच्या वेळचा तो स्पंज कपाटातून गायब.
स्पंज कुणी धरला होता ते मला माहीत आहे. त्यालाही.

१३ एप्रिल
सगळे पळाले. ओटिली जायला तयार नाही. माझीच चूक आहे म्हणते, तो येऊ दे. वेडी! मी आहे ना. कुऱ्हाड मिळाली. पिंप फोडतो, खालची जमीन खणतो, त्याला बाहेर —
तिला तिच्या खोलीत बसवलं. माझा आवाज ओळखल्याशिवाय कडी काढू नकोस म्हटलं. तिनं माझा शाईनं काळा हात गालाला लावला. गाल गरम होता.
बाहेर आलो. दार मीच ओढून घेतलं. आतून कडी लागली. कुऱ्हाड भिंतीला टेकवून, वही गुडघ्यावर —
जिन्यावर ओली पावलं. मघाशी दिसली कशी नाहीत? वर चढलेली. या दारापर्यंत. आत गेलेली.
बाहेर येणारं एकही —
ओटिली, कडी काढ. मी आहे, मी. कडी —